चार दोऱ्यांचा पतंग आणि जोराचा वारा

संक्रांतीला महाराष्ट्रात उडतो तो पतंग एका दोऱ्याचा असतो. ढील मिळाली की तो गिरकी घेतो आणि दोरा खेचला की त्या क्षणी त्याचे टोक जिकडे असेल तिकडे झेपावतो, त्यामुळे उडवणाऱ्याचे सारे कसब नेमका क्षण साधण्यात असते. कसरती पतंगाला दोन किंवा चार दोऱ्या असतात आणि त्याची दिशा सतत उडवणाऱ्याच्या हातात राहते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या तोफचींना विमानावर नेम धरण्याचा सराव मिळावा म्हणून पॉल गार्बर यांनी सुकाणू बसवलेला दोन दोऱ्यांचा पतंग तयार केला होता आणि त्याच्या कापडावर शत्रूच्या विमानाची आकृती रंगवलेली असे. पुढे 1970 च्या दशकात इंग्लंडमधील पीटर पॉवेल यांच्या लांब शेपटीच्या पतंगामुळे हा प्रकार समुद्रकिनाऱ्यांवर घरोघरच्या मुलांच्या हाती गेला. मात्र दोन दोऱ्यांचा पतंग हवेत हवा तेव्हा थांबवणे अवघड आणि उलटा मागे नेणे त्याहून अवघड असते. ही उणीव सॅन दिएगो येथील हॅडझिकी बंधूंनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस चार दोऱ्यांचा ‘रेव्होल्यूशन’ पतंग आणून भरून काढली.

या पतंगाचा सर्वपरिचित आकार सुमारे 2.4 मीटर रुंद आणि 80 सेंटिमीटर उंच असून त्याला शेपूट नसते. उडवणाऱ्याच्या दोन्ही हातांत एकेक मूठ असते; मुठीच्या वरच्या टोकाची दोरी पतंगाच्या वरच्या कडेला आणि खालच्या टोकाची दोरी खालच्या कडेला जाते. वरच्या दोऱ्या ताणल्या की पतंग पुढे जातो, मनगट वळवून खालच्या दोऱ्या ताणल्या की तो थबकतो आणि आणखी ताणल्यास मागे सरकू लागतो. एका हाताने पुढचा आणि दुसऱ्याने मागचा इशारा दिला की तो जागच्या जागी चाकासारखा फिरतो. खालच्या दोऱ्यांना ‘ब्रेक’ म्हणतात ते या कामामुळेच.

वारा वाढला की या साऱ्या हिशेबाचे प्रमाण बदलते, कारण वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 20 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला दोन किलो वजनाइतकाही नसतो. ताशी 40 किलोमीटरला तो साडेसात किलोच्या आसपास पोहोचतो, म्हणजे वेग दुप्पट आणि भार चौपट. त्यात पतंग स्वतःच वेगाने आडवा धावू लागला की त्याला जाणवणारा वारा आणखी वाढतो आणि उडवणाऱ्याच्या थेट समोर, वाऱ्याच्या दिशेच्या मध्यावर, ओढ सर्वांत तीव्र होते. डाव्या-उजव्या कडांकडे आणि डोक्याच्या वर ती कमी होत जाते, म्हणून जोराच्या वाऱ्यात पतंग कडेकडूनच उचलावा, असा जाणकारांचा आग्रह असतो.

याच कारणाने जोराच्या वाऱ्यासाठी वेगळा पतंग शिवला जातो. त्याच्या कापडात उभे झरोके ठेवून त्यांवर जाळी बसवलेली असते, जेणेकरून वाऱ्याचा काही भाग कापडाला न रेटता आरपार निघून जावा. वारा जास्तीत जास्त पकडणे हे पतंगाचे काम, ही आपली रुळलेली समजूत येथे उलटी होते. किती वारा सोडून द्यायचा, यावरच जोराच्या वाऱ्यातला ताबा अवलंबून असतो, आणि हे तत्त्व या छंदातील सर्वांत मोलाचे ज्ञान मानायला हवे. सांगाड्याच्या कार्बन तंतूंच्या नळ्याही जाड घेतात, कारण पातळ नळी वाकली की कापडाचा आकार बिघडतो आणि पतंग इशारा ऐकेनासा होतो. दोऱ्या डायनीमा या अत्यंत बळकट व निसरड्या तंतूच्या असतात. मध्यम वाऱ्यात सुमारे 40 किलो ताण सोसणारी दोरी चालते, जोराच्या वाऱ्यात 68 किलोंच्या आसपासची वापरतात. तिच्या टोकांना बाही चढवून शिवलेली असते, कारण उघडी गाठ ताणाखाली याच दोरीला कापते.

नव्या पतंगाच्या पहिल्या उड्डाणात बहुतेक अडचणी दोऱ्यांच्या लांबीतून येतात. नवी दोरी पहिल्या काही तासांच्या ताणाने थोडी लांबते आणि चौघींपैकी एक जरी अंगुळभर वेगळी झाली तरी पतंग एका बाजूला ओढ घेऊ लागतो. हा दोष मंद वाऱ्यात खपून जातो, पण जोराच्या वाऱ्यात लगेच उघडा पडतो. त्यावर उपाय सोपा आहे: चारही दोऱ्यांची एकेक टोके वाळूत रोवलेल्या एकाच खुंटीला अडकवून दुसरी टोके एकत्र ताणावीत आणि जी लांब भरेल तिची गाठ पुन्हा बांधावी. मुठींना जोडलेल्या छोट्या दोरीवर ओळीने गाठी असतात. वरची दोरी बाहेरच्या गाठीवर सरकवली की ब्रेक वाढतो आणि सुरुवातीला तो थोडा जास्तच ठेवलेला बरा. पतंग जमिनीवर असताना मुठींची खालची टोके खुंटीत अडकवून ठेवावीत, म्हणजे ब्रेक ताणलेला राहतो आणि अचानक झुळूक आली तरी पतंग आपणहून उठत नाही. हवेत ओढ आवरेनाशी झाली तर मागे रेलण्याऐवजी पतंगाच्या दिशेने चार पावले चालावे. उडवणारा जितका पुढे जातो तितका पतंगाला जाणवणारा वारा कमी होतो.

ताणलेली बारीक दोरी उघडी कातडी सहज कापते, त्यामुळे दोऱ्यांच्या संपूर्ण लांबीइतकी जागा समोर आणि दोन्ही बाजूंना माणसांपासून, झाडांपासून व विजेच्या तारांपासून मोकळी हवी. ज्याने चार दोऱ्यांचा पतंग मध्यम वाऱ्यात थांबवून दाखवलेला नाही, त्याने ताशी 40 किलोमीटरच्या वाऱ्यात नवा पतंग पिशवीतून काढूच नये.