पडद्यावरील समुद्र

विहिरींत धोंडा टाकून उडणारें पाणी पाहण्याची हौस बाळपणीं ज्यास नव्हती असा मनुष्य विरळा. त्याच हौसेचें विराट स्वरूप हल्लींच्या चित्रपटांत दिसतें. आकाशांतून प्रचंड शिळा समुद्रांत कोसळते, पाण्याचा डोंगर उभा राहतो आणि घरांतील लहानथोर मंडळी श्वास रोखून पाहतात. परंतु त्यांतलाच एखादा चौकस मुलगा मध्येंच म्हणतो, "हा तर हौद आहे!" त्यास हें कशावरून कळलें, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वीं अशीं दृश्यें लहान प्रतिकृतींवरून घेत. 'रेझ द टायटॅनिक' या १९८० सालच्या चित्रपटासाठीं सुमारें ५५ फूट लांबीची प्रतिकृति माल्टा येथें पाण्यांत उतरविली होती. मूळ जहाज ८८२ फुटांचें, म्हणजे सोळापट मोठें. आतां वस्तु पडण्यास लागणारा वेळ उंचीच्या वर्गमूळाप्रमाणें बदलतो. म्हणून सोळापट लहान प्रतिकृतीचें चित्रण चौपट वेगानें करून तें संथ गतीनें दाखवावें लागतें. जहाजांच्या प्रतिकृतींवर प्रयोग करणारे इंग्रज अभियंते विल्यम फ्रूड यांनीं एकोणिसाव्या शतकांत हेंच वर्गमूळाचें प्रमाण वापरलें होतें. येथवर सर्व ठीक. थेंब मात्र ऐकत नाहीं! प्रतिकृति लहान केली म्हणून पाण्याचा पृष्ठताण कांहीं बदलत नाहीं. त्यामुळें ३ मिलिमीटरांचा थेंब पडद्यावर ४८ मिलिमीटरांचा, चांगल्या टपोऱ्या आवळ्याएवढा भासतो आणि कपट उघडें पडतें.

आतां हें काम बहुतांशीं संगणकाकडे गेलें आहे. 'हुडिनी'सारख्या आज्ञावलींत पाण्याचे कोट्यवधि कण मांडतात, दाबाचें गणित चौकटींच्या जाळ्यावर करतात व आलेला वेग पुन्हां कणांस देतात. 'फ्लिप' नांवाची ही पद्धति १९८६ सालीं ब्रॅकबिल व रुपेल यांनीं मांडली; २००५ सालीं झू व ब्रिडसन यांनीं ती संगणकीय चित्रकलेंत आणली.

परंतु यंत्र आलें म्हणून फसगत टळली असें नाहीं. १०० मीटरांवरून पडलेली शिळा सेकंदास सुमारें ४४ मीटर वेगानें पाण्यास भिडते. चित्रपटांत सेकंदास २४ चित्रें. तेव्हां एका चित्राच्या अवधींत ती जवळजवळ १.८ मीटर पुढें सरकते. जाळ्याची चौकट २० सेंटिमीटरांची असेल तर नऊ चौकटी एका उडींत ओलांडल्या जातात, कण शिळेच्या पोटांत सांपडतात आणि भलतीकडेच उसळतात. यासाठीं एका चित्राच्या अवधीचे अनेक तुकडे पाडून गणित करावें लागतें. चौकट निम्मी करावी, तर कण आठपट होतात. सगळ्या समुद्राचें असें गणित कोण करणार? म्हणून आघाताच्या आसपासचेंच पाणी असें करतात, दूरच्या लाटा निराळ्या सूत्रानें काढतात, आणि दोहोंचा सांधा फेसाखालीं झांकतात. हा फेस व तुषारही वेगळेच करावे लागतात. तुषारांस हवेचा अडथळा दिला नाहीं, तर ते खडीसारखे दिसतात.

आणि एवढें सगळें साधल्यावर, आमच्या मतें, घात होतो तो बहुधा उतावळेपणामुळें. १०० मीटर उंच उसळलेलें पाणी खालीं येण्यास साडेचार सेकंद घेणारच. तितका वेळ पडद्यावर फार वाटतो, म्हणून दृश्य चटकदार करण्यासाठीं तेंच पाणी निम्म्या वेळांत खालीं आणतात. मग पाहणाऱ्याच्या डोळ्यांस तें २५ मीटरच उडालें असें वाटतें.