मोटारीचे अंतरंग – लेखांक नववा : कारभाऱ्याची बडतर्फी

गेल्या लेखांकात आपण इंजिनावर ठिकठिकाणी पेरलेल्या संवेदकांचा, म्हणजे मेकॅनिक मंडळी ज्यांना सरसकट 'सेन्सर' म्हणतात त्या हेरांचा, परिचय करून घेतला; त्यांनी आणलेल्या बातम्या ज्याच्या कचेरीत रुजू होतात आणि पेट्रोल किती सोडावे, ठिणगी केव्हा पाडावी याचे हुकूम जेथून सुटतात, त्या चपट्या धातूच्या पेटीकडे आज वळावयाचे आहे. गॅरेजात तिला कोणी 'ईसीएम' म्हणतात, कोणी 'ईसीयू', आणि गिऱ्हाइकाला समजावे म्हणून 'गाडीचा कॉम्प्युटर'. गाडी वीस-बावीस वर्षांची झाली, की एके दिवशी हा कॉम्प्युटर 'गेला' असा निकाल मालकाच्या कानांवर येतो. तो बदलावा कसा हा आजचा विषय असला, तरी लेखाचा बराचसा भाग तो न बदलण्याविषयीच आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

ही पेटी आपल्याकडे हौसेने आली नाही, हुकुमाने आली. १९९९ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व परिसरातील नव्या मोटारींना युरोपीय धर्तीचे धूरनियम लागू केले, पुढे ते देशभर पसरले, आणि हवेच्या ओढीवर अंदाजाने पेट्रोल सोडणाऱ्या कार्बोरेटरला ७९६ घनसेंटिमीटरच्या मारुती ८०० पर्यंत सर्वांनी निरोप दिला. त्या लहानग्या तीन सिलिंडरांच्या इंजिनाने मिनिटाला ३,००० फेरे घेतले, तर सेकंदाला ७५ स्फोट होतात. आणि प्रत्येक स्फोटाचे पेट्रोल व प्रत्येक ठिणगीचा क्षण यांचा हिशेब ती पेटी बिनबोभाट करीत असते. इतके काम मुकाट्याने करणाऱ्या कारभाऱ्यावर आळ घेणे सोपे असते, कारण त्याला स्वतःची जबानी देता येत नाही.

माझ्याच गाडीची हकीकत सांगतो. आषाढातल्या पावसात खंबाटकीच्या घाटात ती झटके मारू लागली आणि एका वळणावर निपचित पडली. अर्ध्या तासाने आपणहून सुरू झाली, पुन्हा दोन मैलांवर तोच प्रकार. घाटाखालच्या एका गॅरेजात बॉनेट उघडल्यापासून पाच मिनिटांत, कोणतेही मीटर न लावता, 'कॉम्प्युटर गेला' असे जाहीर झाले, आणि जो आकडा सांगण्यात आला तो ऐकून गाडीच विकून टाकावी असा विचार माझ्या मनात आला. दुसऱ्या दिवशी साताऱ्यातल्या एका वयस्क वायरमनने ती पाहिली. त्याने गाडीला सेल्फ मारायला लावला, मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरी पेटीच्या अर्थिंगच्या तारेवर धरली, आणि मान हलवून म्हणाला, "काका, कॉम्प्युटर मेला नाही, उपाशी आहे." इंजिनाला जोडलेल्या अर्थिंगच्या तारेचे तांब्याचे टोक, कल्हई उडालेल्या पितळी भांड्यासारखे, हिरवेगार कळकले होते. पॉलिश पेपरने ते घासले, बोल्ट आवळला, आणि गाडी घरी आली.

तेव्हा आरोपीला शिक्षा सांगण्यापूर्वी त्याचा शिधा त्याला मिळतो आहे की नाही, याची रुजुवात झाली पाहिजे. बॅटरीचा पुरवठा फ्यूज आणि मुख्य रिले यांच्यामार्गे पेटीपर्यंत पोहोचतो का, हा पहिला प्रश्न. सेल्फ मारतेवेळी पेटीचे अर्थिंग आणि बॅटरीचे ऋण टोक यांत व्होल्टच्या दशांशाहून अधिक तफावत दिसते का, हा दुसरा. तिसरी तपासणी फारच थोडे लोक करतात, आणि तीच मला सर्वांत मोलाची वाटते. बॅटरीच्या बारा व्होल्टांतून ही पेटी पाच व्होल्टांचा एक स्थिर पुरवठा तयार करते आणि तीन-तीन तारांच्या संवेदकांना तो वाटून देते. त्यांपैकी एखादा संवेदक आतून शॉर्ट झाला, किंवा एखादी तार इंजिनाच्या अंगावर घासून सोलली गेली, की तो सगळा शिधा एकटाच गिळतो आणि बाकीचे सारे हेर एकदम मुके होतात; बाहेरून पाहणाऱ्याला मात्र कचेरीच बंद पडल्यासारखी दिसते. अशा वेळी संवेदकांचे कपलर एकेक करून काढीत जावे आणि मीटरवर पाच व्होल्ट केव्हा परत येतात ते पाहावे: ज्याचे कपलर काढताच ते परततात, तो संवेदक किंवा त्याची तार हाच गुन्हेगार. स्कॅनर नसला तरी जुन्या सुझुकी गाड्यांत निदानाच्या कपलरची नेमकी टोके जोडली, की चेक लाइट मिणमिणून आपले संकेतांक सांगू लागते; एकदा, मग दोनदा मिणमिणली तर तो १२ हा आकडा, म्हणजे 'तक्रार नाही'. एवढे सांगण्याइतका ज्याला जीव आहे, त्याला मृत ठरविण्याची घाई कशाला?

तरीही हे संगणक खरोखर मरतात, हेही खरे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतील कित्येक पेट्यांमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वार्धक्यात झिरपू लागतात, त्यांतील द्रव पाटीवरच्या तांब्याच्या रेघा खातो, आणि झाकण उघडताच कुजक्या मासळीसारखा वास येतो. उष्णतेच्या चढउतारांनी डाख सुटतो, मग गाडी सकाळी थंड असताना शहाण्यासारखी चालते आणि दुपारी हट्टाला पेटते. उतरलेल्या बॅटरीला शेजाऱ्याच्या गाडीवरून जोड देताना तारा उलट लागणे आणि पेटीचे कपलर न काढता गाडीवर वेल्डिंग करणे, हे दोन प्रकार तर सरळसरळ मनुष्यवधाच्या जातीचे. सर्वांत फसवा प्रकार इग्निशन कॉइलचा: ती आतून शॉर्ट झाली की तिला हुकूम देणारा पेटीतला ट्रान्झिस्टर जळतो, आणि कॉइल तशीच ठेवून नवी पेटी बसविणाऱ्याची नवी पेटीही त्याच वाटेने जाते.

बडतर्फी अटळच ठरली, तर नवी नेमणूक कोणाची? जुन्या गाडीची कोरी पेटी कंपनीकडे मिळेलच असे नाही, आणि मग कुर्ल्यासारख्या भंगारबाजाराची पायरी चढावी लागते. तेथे गाडीचे नाव सांगून भागत नाही. पेटीवरच्या चिठ्ठीवरील क्रमांक, शेवटच्या अक्षरासकट, जुळला पाहिजे, कारण एकाच गाडीच्या एसी आणि बिनएसी, साध्या आणि स्वयंचलित गिअरच्या, आधीच्या आणि नंतरच्या धूरनियमांच्या पेट्या बाहेरून जुळ्या भावंडांसारख्या असून आतून निराळ्या असू शकतात. पेटी हातात घेतल्यावर कपलरच्या पिनांमध्ये गाळाची रेघ किंवा हिरवट डाग दिसतो का, हेही पाहावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हापासून बुडालेली गाडी कशी दिसते हे मुंबईकरांना सांगावे लागत नाही. बुडालेली पेटी मात्र पुसूनपासून विकता येते.

आणि क्रमांक जुळूनही गाडी सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडते, तेव्हा पुष्कळांचे धैर्य खचते. चोरीला आळा बसावा म्हणून चावीच्या मुठीत एक बारीकशी चीप दडविलेली असते. किल्ली फिरविताच तिचा गुप्त क्रमांक इमोबिलायझरमार्फत पेटीला कळतो, आणि पेटीच्या दप्तरी तो नोंदलेला नसेल तर ती इंजिनाला परवानगी नाकारते. युरोपात नव्या मोटारींना १९९८ च्या ऑक्टोबरपासून ही व्यवस्था सक्तीची झाली. आपल्याकडेही ती रूढ झाली. परक्या पेटीला आपल्या चावीची ओळख नसते, यात तिचा दोष नाही. मग तिच्याच गाडीची चावी आणि इमोबिलायझर यांचा पूर्ण संच आणावा, अधिकृत केंद्रात स्कॅनरवर पुन्हा नोंदणी करून घ्यावी, किंवा कुशल कारागिराकडून जुन्या पेटीतील आठ पायांच्या स्मृती-चिपमधला मजकूर नव्या पेटीत उतरवून घ्यावा. माझे मत विचाराल, तर या सर्वांआधी आपली मूळ पेटीच दुरुस्त होते का ते पाहावे. कपॅसिटर बदलणे व डाख नव्याने देणे हे मोबाईल दुरुस्त करणाऱ्या निष्णात हातालाही जमते, आणि गाडीची सनद त्या पेटीतच असते.

बसवणीचे काम त्या मानाने किरकोळ आहे: किल्ली बंद, बॅटरीची ऋण तार सोडलेली, आणि कपलर ओढताना तारेला नव्हे तर त्याच्या खिट्टीला हात. पहिले काही मैल गाडी थोडी अडखळली तर घाबरू नये. नवा कारभारी दप्तर समजून घेत असतो. जुनी पेटी मात्र, मेलेली असली तरी, गॅरेजात सोडून येऊ नये; गाडीची सनद तिच्याच स्मृती-चिपमध्ये असते.

पुढील लेखांकात वायरिंगचा विचार करू. तोपर्यंत वाचकांनी एक करावे: गाडी धडधाकट असतानाच पेटीवरच्या चिठ्ठीचा क्रमांक वहीत उतरवून ठेवावा. कागदाची ती चिठ्ठी उष्णतेने पिवळी पडते, आणि गरज पडेल त्या दिवशी ती वाचता येतेच असे नाही.