परसात आठ कोंबड्या

छंद म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे भरतकाम, विणकाम, फार तर गुलाबाच्या कुंड्या येतात. मी कोंबड्या पाळते म्हटले की शाळेतल्या माझ्या सहशिक्षिकाही नाक मुरडतात. घाण होत असेल, वास येत असेल, आणि बी. ए. झालेल्या बाईने हे काय चालवले आहे, असा एकंदर भाव! पण आमच्या भंडाऱ्याकडे घरामागे सांदवाडी असतेच. एखादे पेरूचे झाड, वालाचा वेल, भांडी घासायची जागा आणि बाकी सगळे रिकामे. त्या रिकाम्या जागेत मी तीन वर्षांपूर्वी काय केले, ते बऱ्यावाईटासकट सांगते.

दिवाळीच्या आधी आठ पिले आणली. गिरिराज जातीची. ही जात बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने परसात पाळण्यासाठीच तयार केली. रंगीत पिसांची, अंगाने भारी आणि काटक. आपली गावठी कोंबडी वर्षाला 60-80 अंडी देते, ही त्याच्या दुपटीच्या आसपास. पांढरी लेगहॉर्न 250 च्या वर जाते खरी, पण ती शेडमध्ये मापाच्या खाद्यावर वाढणारी. आपल्या उन्हापावसात तिचा निभाव कठीण.

ह्यांनी जुन्या फळ्यांचे खुराडे करून दिले. जमिनीपासून दोन फूट उंच, आत बसायला आडवी दांडी. जाळी मात्र मोठ्या भोकांची निघाली आणि तिसऱ्याच रात्री मुंगसाने एक पिलू नेले. तेव्हा जाळी घ्याल ती बारीकच घ्या. उरली सात.

खाण्याचे म्हणाल तर आमच्याकडे भात गिरण्या चिक्कार, त्यामुळे कनकी आणि कोंडा स्वस्तात मिळतो. मोठ्या कोंबडीला दिवसाला 100 ते 120 ग्रॅम खाद्य लागते. पण नुसत्या कनकीवर ठेवलीत तर अंड्याचे कवच कागदासारखे पातळ होते. मी थोडी सोयाबीनची ढेप मिसळते आणि घरातली अंड्यांची टरफले तव्यावर भाजून, कुटून घालते. आंघोळीला कोपऱ्यात राख-मातीचा ढीग. त्यात त्या अशा लोळतात की बघत राहावे. आणि उवाही कमी होतात. अनेकींना वाटते की अंड्यांसाठी कोंबडा हवाच. तसे नाही. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देते, फक्त त्यातून पिले निघत नाहीत. शेजाऱ्यांची पहाटेची झोप प्यारी असेल तर कोंबडा नकोच.

आता वाईट ते सांगते.

पिले देणाऱ्याने बजावले होते की पाचव्या ते सातव्या दिवसात डोळ्यात लासोटा लसीचा थेंब घाला. मी दवाखान्यात विचारले, तर लसीची बाटली शंभर पक्ष्यांची. एकदा कालवली की दोनेक तासांत संपवायची, उरली तर फेकायची. सात पिलांसाठी शंभराची बाटली! शिवाय सहामाहीचे पेपर तपासायचे पडले होते. नंतर बघू म्हटले, आणि ते नंतर काही आले नाही.

चैत्रात अंडी सुरू झाली. पहिले अंडे लेकीने देवापुढे ठेवले, ते सासूबाईंनी गुपचूप उचलून बाजूला केले! मोजून एकवीस अंडी झाली असतील. वैशाखात एका सकाळी एक कोंबडी पंख पाडून बसलेली, विष्ठा हिरवी, पाण्यासारखी. दुसऱ्या दिवशी दुसरीची मान पिळवटल्यासारखी मागे वळली. चार दिवसांत पाच गेल्या. सासूबाई साकोलीकडच्या, त्यांनी बघताक्षणी ओळखले. “काहून रडतेस बाई? मानमोडी आहे ते. आता काही होत नाही.” पुस्तकात हिला रानीखेत म्हणतात, कुमाऊँच्या डोंगरातल्या त्या गावावरून. रोग जडल्यावर औषध नाही. लस हाच उपाय.

एक लक्षात ठेवा. कोंबड्या अशा भराभर मरू लागल्या तर घरच्या घरी नाव ठरवू नका. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला होता. मेलेला पक्षी उघड्या हाताने धरू नये, उकिरड्यावर टाकू नये. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे आणि ते सांगतील तसे खोल खड्डा करून चुना घालून पुरावे.

माझ्या पाच गेल्या हे माझे नुकसान. पण आठवड्याभरात भिंतीपलीकडच्या काकूंच्या चारही गेल्या. त्या अंडी विकून नातवाच्या वह्या-पुस्तकांचे भागवत. माझा छंद होता, त्यांचा आधार. त्या भांडल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी बोलणेच बंद केले. हळदीकुंकवाला गेले तर पाठ फिरवून आत गेल्या. ह्यांनी समजूत घातली, “रोग कुठूनही येतो, तुझ्याचकडून गेला कशावरून?” मला मात्र ती न घेतलेली बाटली दिसत राहिली.

पावसाळा लागल्यावर मी त्यांच्या दारात गेले आणि सरळ सांगितले, लस घालायला हवी होती, मी घातली नाही. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मीही कुठे घातली होती?” आणि चहा टाकला.

त्या दिवशी आम्ही ओळीतली घरे मोजली. नऊ घरी मिळून साठेक कोंबड्या. म्हणजे शंभराची बाटली काही फुकट जात नव्हती! काही महिने खुराडे धुऊन, चुना मारून उन्हात रिकामे ठेवले, मग नवी पिले आणली. आता लसीच्या दिवशी भल्या पहाटे, ऊन चढायच्या आत, बाया डालगी घेऊन माझ्या अंगणात येतात. एकीने पक्षी धरायचा, एकीने थेंब घालायचा, लेक वहीत खुणा करते. लस थर्मासमध्ये बर्फात आणावी लागते, गरम झाली की तिचे पाणी झाले समजा. लहान पिलांना थेंब, आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचणी, पुढे ठरावीक काळाने पुन्हा. याचे वेळापत्रक आपल्या दवाखान्यातून लिहूनच आणा.

सध्या माझ्याकडे आठ आहेत. त्यातली एक खुडूक झाली आहे. काकूंकडे कोंबडा आहे म्हणून त्यांच्याकडची अकरा अंडी तिच्याखाली मांडली. सासूबाईंनी टोपलीत तणस आणि राख घालून दिली. एकवीस दिवस, त्यातले चौदा झाले. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीवर अंडी धरून पाहिली तर नऊंमध्ये लाल रेषा दिसल्या. पिले निघाली की निम्मी त्यांची, निम्मी माझी असे ठरले आहे. नववे कोणाचे, यावर रोज भिंतीवरून चर्चा चालते. पिले आठवड्याची झाली की पुढची बाटली आणायची. या वेळी बर्फ आणायची पाळी काकूंची आहे.