वयांत येणाऱ्या मुलांचें वाढतें वजन

कुकडी प्रकल्पाचीं धरणें झालीं आणि जुन्नर-आंबेगांवच्या पूर्वभागाचें रूप पालटलें. माणिकडोह, येडगांव, डिंभें येथील पाण्यानें ऊंस, द्राक्षें, टोमॅटो यांचे मळे बहरले. हातीं पैसा आला, दारीं दुचाकी आली. पूर्वी मुलें ज्या वाटेनें पायीं शाळेस जात, ती वाट आतां दुचाकीवर सरते. शिवाय उसांत बिबट्यानें घर केलेलें. दिवेलागणीस मुलास बाहेर सोडण्यास आई धजत नाहीं, आणि त्यांत तिचें चुकतें असें कोणी म्हणूं नये. परंतु घरांत कोंडलेल्या मुलाच्या एका हातांत मोबाइल व दुसऱ्या हातांत वेफरचें पाकीट, हा क्रम वर्षानुवर्षें चालला म्हणजे तो अंगावर दिसल्यावांचून राहत नाहीं.

याच तालुक्यांच्या पश्चिमेस, डोंगरांतील आदिवासी वाड्यांवर, सकस अन्नावांचून खुरटलेलीं मुलेंही आहेत. हीं दोन टोकें वाटतात तितकीं दूर नाहींत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून जिल्ह्यांतील सहा खेड्यांत गर्भवती स्त्रिया व त्यांचीं मुलें यांचा अभ्यास केला. तेथील अर्भकांचें वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचें ३.५ किलो, तरी त्वचेखालील चरबींत येथील अर्भकें तितकीशीं मागें नव्हतीं. स्नायू थोडे, चरबी अधिक, अशी ही घडण. म्हणूनच आपल्याकडे वजन थोडें वाढलें तरी मधुमेहाचा धोका लवकर उभा राहतो.

वजन अधिक आहे कीं नाहीं हें नुसत्या नजरेनें ठरवूं नये. किलोंतील वजनास मीटरमधील उंचीनें दोनदां भागावें व येणारा आंकडा भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यांत पाहावा. ५ ते १८ वर्षांच्या मुलामुलींसाठीं ते तक्ते निरनिराळे आहेत. मानेवर काळसर, जाड, मखमलीसारखा पट्टा दिसणें ही आणखी एक खूण. पुष्कळ घरीं तो मळ समजून साबणानें घासतात. मान सोलवटते, डाग जात नाहीं. शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसल्याचें तें बहुधा लक्षण असतें.

अशा मुलास उपाशी ठेवणें हा उपाय नव्हे. त्याची उंची अजून वाढत असते. पुष्कळदां वजन आहे तेथें थोपविलें तरी उंची वाढून प्रमाण सुधारतें. गोड शीतपेयाच्या लहान बाटलींत पांचसहा चमचे साखर असते. ती बाटली, बेकरीचे जिन्नस व रोजचा चहा-खारी यांना आळा घालून बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी व पालेभाजी ताटांत आली कीं निम्में काम झालें.

महाराष्ट्र शासनानें २०१७ सालीं शाळांच्या उपाहारगृहांत असे पदार्थ विकण्यास मनाई केली. २०२० च्या केंद्रीय नियमांनीं शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंतचा परिसरही त्यांत घेतला. घरच्या फडताळावर मात्र कोणाचा हुकूम चालणार? बाप रात्रीं शेव-फरसाणाची बशी पुढें घेऊन बसतो आणि मुलास तेवढी काकडी, हा न्याय एक आठवडाही टिकत नाहीं. सर्व घराचें ताट एकच असावें, आणि जेवतांना मोबाइल थोरांनींही दूर ठेवावा. ‘ढोल्या’, ‘जाडी’ अशीं नांवें ठेवल्यानें वजन उतरत नाहीं. मूल लपून खाऊं लागतें आणि खेळाच्या तासाला आजारी पडतें.

जागतिक आरोग्य संघटना या वयास रोज ६० मिनिटें दमवणारी हालचाल सांगते. बिबट्याच्या भयामुळें ती दिवसाउजेडींच उरकावी लागेल. शाळा सुटतांच मैदानावर खो-खो किंवा कबड्डी, मग सर्वांनीं मिळून घरीं परतणें. रविवारीं सकाळीं कुटुंबासह शिवनेरीच्या पायऱ्या. झोंपही आठ तासांहून कमी नको.

तहान फार लागूं लागली, झोंपेंत घोरणें वाढलें, मुलीची पाळी महिनोन्‌महिने चुकली, किंवा मानेवरचा तो पट्टा दिसला, तर मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयांत अथवा जवळच्या डॉक्टरांकडे मुलास न्यावें आणि रक्तांतील साखर तपासून घ्यावी. जातांना आठवड्याच्या खाण्याची खरीखुरी टिपणी बरोबर न्यावी, आणि ती मुलानें स्वतःच्या हातानें लिहिलेली असावी.