लिनक्सवर वाय-फाय: ब्रँड नको, चिप बघा

पहिल्या फेलोशिपच्या पैशातून लॅपटॉप घेतला, खारघरच्या खोलीवर आणून त्यात लिनक्स टाकलं, आणि वाय-फाय गायब! दुसऱ्या दिवशी लॅब मीटिंग, सगळा डेटा सर्व्हरवर. शेवटी मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग केलं आणि रात्र निभावली. ही युक्ती लक्षात ठेवा, तिला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

माझी चूक काय झाली? मी ब्रँड बघितला. लिनक्सला मतलब असतो आतल्या चिपशी. टीपी-लिंकचा डब्ल्यूएन७२२एन घ्या. पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची. नाव तेच, ड्रायव्हर वेगळा.

कार्ड चालायला दोन गोष्टी लागतात: कर्नलमधला ड्रायव्हर आणि चिपमध्ये भरायची फर्मवेअर फाइल. डेबियनने २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून अशी फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच दिली, त्यामुळे अर्धी डोकेदुखी कमी झाली.

मग घ्यायचं काय? लॅपटॉपच्या आत बसवायला इंटेल एएक्स२१० चांगलं. कर्नल ५.१० पासून त्याचा ड्रायव्हर आहे. पण दिसायला तसंच असलेलं एएक्स२११ घेऊ नका. त्याचं निम्मं काम इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरकडे असतं, एएमडीच्या लॅपटॉपवर ते चालणारच नाही. यूएसबी डाँगल हवा असेल तर मीडियाटेक एमटी७६१२यू चिपचा बघा, कर्नल ४.१९ पासून चालतो.

'ड्रायव्हर नंतर डाउनलोड करून टाका' असं सांगणारं कार्ड शक्यतो टाळा. बाहेरचा ड्रायव्हर कर्नल अपडेट झाला की पुन्हा बांधावा लागतो, आणि तो बिघडायचा दिवस नेमका सबमिशनचा निघतो.

लॅमिंग्टन रोडला जा किंवा ऑनलाइन मागवा, आधी चिपचं नाव विचारा. जुना लॅपटॉप घेत असाल तर लाइव्ह पेनड्राइव्ह सोबत न्या. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय', मग जागा सोडून 'डॅश एनएनके' ही आज्ञा द्या. नेटवर्क कार्डाखाली वापरातल्या ड्रायव्हरचं नाव दिसलं पाहिजे. डाँगलसाठी 'एलएसयूएसबी'. मग त्याच पेनड्राइव्हवरून प्रत्यक्ष वाय-फाय जोडून बघा, तेव्हाच पैसे द्या.

अँटिबॉडी मागवताना आपण कंपनीच्या नावावर थांबतो का? कॅटलॉग नंबर, लॉट नंबर बघतोच ना! कार्डाचंही तसंच.