'सापाच्या तोंडाचं फुलपाखरू' खरंच विषारी असतं का? पतंग ओळखायचे कसे?

पावसाळ्यात कोकणातून किंवा घाटमाथ्यावरून एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास फिरतो. भिंतीवर बसलेलं वीतभर रुंद, तांबूस-तपकिरी 'फुलपाखरू' आणि पंखांच्या टोकाला चक्क सापाचं तोंड! सोबत मजकूर असतो, 'विषारी आहे, सावध राहा.' मग घाबरून कुणीतरी झाडू उचलतं.

प्रत्यक्षात हे फुलपाखरू नाही आणि विषारीही नाही. हा आहे अ‍ॅटलस पतंग. त्याला चावण्यासाठी तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो साधारण आठवडाभर जगतो, जोडीदार शोधतो, अंडी घातली जातात आणि मरतो. म्हणजे झाडूचा एक फटका आणि पुढची पिढीच संपली.

पतंग की फुलपाखरू?

आधी मिशा पाहा. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते. पतंगाच्या मिशा बहुधा पिसासारख्या किंवा साध्या दोऱ्यासारख्या असतात. बहुतेक पतंग पंख पसरून बसतात आणि त्यांचं अंग जाड, केसाळ असतं. याला अपवाद आहेत, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नका.

कोणता पतंग?

अ‍ॅटलस: चारही पंखांवर काचेसारखी पारदर्शक, त्रिकोणी खिडकी. पुढच्या पंखाचं टोक वाकडं, सापाच्या डोक्यासारखं.

टसर: याच्याही पंखांवर खिडक्या असतात, पण गोल. विदर्भात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर याच्या अळ्या वाढवून टसर रेशीम काढतात.

मून मॉथ: फिकट पोपटी रंग, पांढरं लोकरी अंग आणि मागच्या पंखांना लांब शेपट्या.

डेथ्स हेड हॉकमॉथ: इथे पंखांपेक्षा पाठ पाहा. त्यावर कवटीसारखी नक्षी असते, पोटावर पिवळे-काळे पट्टे. डिवचलं तर तो चिरकतो. 'अपशकुनी' म्हणून बदनाम असला तरी चावत किंवा डंख मारत नाही. तो मधाच्या पोळ्यात शिरतो, ते मध प्यायला.

नर की मादी?

अ‍ॅटलसमध्ये हे मिशांवरून कळतं. नराच्या मिशा रुंद, झुपकेदार असतात. मादीचा गंध त्याला दुरून त्यांनीच टिपता येतो. मादीच्या मिशा बारीक, पण पोट मोठं.

घरात आला तर काय कराल?

वरून एक फोटो काढा, पंख पूर्ण दिसतील असा. दुसरा मिशांचा, जवळून. ठिकाण आणि तारीख लिहून ठेवा. भारतात पतंगांच्या १०,००० हून जास्त जाती आहेत, त्यामुळे ओळखताना या नोंदी उपयोगी पडतात. पंखांना हात लावू नका, त्यांवरचे खवले निघून जातात. मात्र केसाळ अळी दिसली तर लांबच राहा, काहींच्या केसांनी अंगाला खाज सुटते.

रात्री दिवा बंद करा, खिडकी उघडी ठेवा. पतंग आपला आपण निघून जाईल. आणि तो 'विषारी' मेसेज? तो पुढे पाठवू नका.