सुटलं म्हणजे पुसलं गेलं नाही

हिंगोलीचा कुणी पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहून दारू सोडतो, घरी येतो आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा पिऊ लागतो. ‘याच्यात दमच नाही,’ असं म्हणून गाव मोकळं होतं. हा समज किती कच्चा आहे, ते प्रयोगशाळेतल्या उंदरांकडे पाहिलं की कळतं.

पेटीत एक दांडी असते. पांढरा उंदीर ती दाबतो, दिवा लागतो आणि वाटीत 45 मिलिग्रॅमची साखरेची गोळी पडते. उंदीर सराईत झाला की गोळ्या बंद करतात. आधी तो चवताळून जास्तच दांडी दाबतो, मग हळूहळू तिचा नाद सोडतो. विसरला? नाही. एक गोळी आयती टाकली की पुन्हा दांडीकडे धावतो. 1981 मध्ये हॅरिएट डी विट आणि जेन स्टुअर्ट यांनी कोकेनबाबत हेच दाखवलं.

जागेचाही मोठा वाटा असतो. एका पेटीत लागलेली सवय वेगळ्या वासाच्या, वेगळ्या तळाच्या पेटीत मोडली, तरी पहिल्या पेटीत परतताच ती उसळते. उपचार पुण्यात आणि जुनी बैठक हिंगोलीत, ही अडचण नेमकी इथली आहे.

उंदीर निव्वळ भुकेपोटी दांडी दाबतो, हेही खरं नाही. 1954 मध्ये ऑल्ड्स आणि मिल्नर यांचे उंदीर मेंदूला मिळणाऱ्या सौम्य विजेसाठी दांडी दाबत राहिले. नागपूर विद्यापीठात दादासाहेब कोकरे, निशिकांत सुभेदार आणि सहकाऱ्यांनी न्यूरोपेप्टाइड वाय या भूक वाढवणाऱ्या रेणूचा मॉर्फिनच्या सुखाशी असलेला संबंध उंदरांत तपासला; 2013 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. भूक आणि नशा यांच्या वाटा मेंदूत एकमेकींना भेटतात.

‘दिवस गेले की ओढ आपोआप ओसरते’ हा समज सर्वांत घातक. 2001 मध्ये ग्रिम, शहाम आणि सहकाऱ्यांना उलटच दिसलं: कोकेन तुटलेल्या उंदरांची त्याच्याशी जोडलेल्या, दिव्यासारख्या खुणेमागे धावण्याची ओढ पुढचे काही आठवडे वाढत गेली. साखरेबाबतही अशी वाढ आढळली, पण ती इतकी टिकली नाही.

उंदराला कर्ज नसतं, लाज नसते, म्हणून त्याचे आकडे माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण घरी परतल्यानंतरचा पाठपुरावा मुक्तांगण उपचाराचाच भाग का मानतं, ते यातून उमगतं. पहिल्या महिन्यांत जुन्या गुत्त्याची वाट टाळणं आणि ठरलेल्या तारखेला भेटीला जाणं, यात घरच्यांनी सोबत करावी.